मुलांच्या अ‍ॅनिमेशनपटांत पात्रं गातात ती कशासाठी?

'फ्रोझन'ची एल्सा मुळात खलनायिका होणार होती. 2013 साली सिनेमा आला आणि ती जगभरातल्या पोरींची लाडकी झाली, पण त्याआधी स्टुडिओत घोळत असलेल्या कथेत ती दुष्ट हिमराणी होती. मग क्रिस्टन अँडरसन-लोपेझ आणि रॉबर्ट लोपेझ या नवरा-बायकोच्या जोडीने तिच्यासाठी 'लेट इट गो' लिहिलं. राज्य सोडून पळालेली, जन्मभर स्वतःची शक्ती लपवून थकलेली तरुण राणी बर्फाच्या डोंगरावर एकटीच गातेय. ते ऐकल्यावर दिग्दर्शक क्रिस बक आणि जेनिफर ली यांच्या लक्षात आलं की हे गाणारी बाई दुष्ट असूच शकत नाही. मग एल्सा नव्याने लिहावी लागली, तिच्यापाठोपाठ धाकटी बहीण अ‍ॅना, आणि मग जवळजवळ सगळी गोष्टच.

एका गाण्यापायी पटकथा बदलावी लागते हे ऐकायला गमतीचं वाटतं, पण त्यामागे साधं कारण आहे. बाहेरून पाहिलं तर एल्सा म्हणजे भर उन्हाळ्यात प्रजेवर हिवाळा लादून पसार झालेली राणी. गाण्यातून ऐकलं तर घाबरून घाबरून कंटाळलेली मुलगी. एखाद्याची भीती त्याच्याच आवाजात तीन-साडेतीन मिनिटं ऐकली, की त्याच्यावर राग धरणं जड जातं.

मुलांना असे सिनेमे दाखवताना आपण मोठी माणसं 'यातून काय शिकायचं' ते शेवटच्या संवादांत शोधतो. मैत्री जपावी, मिळून काम करावं, रागावर ताबा ठेवावा, असं कोणीतरी शेवटी म्हणतंच. मला वाटतं, या सिनेमांचं खरं काम गाण्यांत चालतं, आणि तेही गाण्याच्या शब्दांत फारसं नाही. गाणं गोष्टीत कुठे येतं, कोण कोणासोबत गातं, आणि तीच चाल पुढे कोणाच्या तोंडी परत येते, हे पाहिलं की सिनेमा भावनांबद्दल काय म्हणतोय ते उलगडतं.

बोलणं पुरत नाही तेव्हा

संगीतिकांचा जुना दंडक असा: भावना बोलण्यात मावेनाशी झाली की पात्राने गायचं. मराठी प्रेक्षकाला हे नवं नाही. 1880 साली अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'संगीत शाकुंतल' पुण्यात रंगभूमीवर आलं, तेव्हापासून संवाद बोलता बोलता पद सुरू होणं आपल्या अंगवळणी पडलंय. फरक एवढाच की आपल्याकडे पद रंगलं की वन्समोअर व्हायचे आणि गोष्ट बिचारी विंगेत ताटकळायची. अमेरिकन संगीत रंगभूमीवर, आणि तिथून उचललेल्या अ‍ॅनिमेशनपटांत, गाण्याने गोष्ट पुढे न्यायलाच हवी. गाणं सुरू होताना पात्र एका जागी असतं, संपताना दुसऱ्या. ते जागचं हललं नसेल, तर ते गाणं कापलं जाण्याची शक्यता बरीच.

कधीकधी हललेलं असूनही कापायला घेतात. 1989 च्या 'द लिटल मरमेड'मध्ये एरियल समुद्रतळाशी जमवलेल्या माणसांच्या वस्तूंमध्ये बसून गाते, की मला त्या वरच्या जगात जायचंय. सिनेमा पुरा होण्याआधीच्या एका चाचणी खेळात या गाण्याला मुलं चुळबुळ करायला लागली. स्टुडिओप्रमुख जेफ्री कॅट्झेनबर्ग यांनी ते काढून टाकायचं ठरवलं. गीतकार हॉवर्ड अ‍ॅशमन आणि एरियलचे अ‍ॅनिमेटर ग्लेन कीन अडून बसले आणि गाणं राहिलं. अ‍ॅशमन नाटकातून आलेला माणूस. त्याचा आग्रह होता की सुरुवातीलाच नायिकेने आपल्याला काय हवंय ते गाऊन सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढे ती काय करते याच्याशी प्रेक्षकाला देणंघेणं उरत नाही. अशा गाण्याला त्या धंद्यात 'आय वाँट साँग' म्हणून ओळखतात. 'मोआना'तलं समुद्राच्या ओढीचं गाणं याच घराण्यातलं.

मुलांच्या बाजूने पाहिलं तर हे गाणं फार मोलाचं आहे. चार वर्षांच्या मुलाला राग येतो तेव्हा त्याला राग दिसतो, त्याच्याखाली दडलेली इच्छा दिसत नाही. गाण्यात आधी इच्छा ऐकू येते, मग ती अडते, मग राग किंवा रडू येतं. कशामुळे काय झालं याची साखळी पोराच्या कानावर पडते.

भावनेला नाव देणं

मनाविषयीच्या संशोधनात एक गोष्ट पुन्हापुन्हा येते: मनात जे उसळलंय त्याला शब्द दिला की त्याचा जोर थोडा कमी होतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेतले मॅथ्यू लीबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2007 साली मोठ्या माणसांना रागावलेल्या, घाबरलेल्या चेहऱ्यांचे फोटो दाखवले आणि त्या वेळी त्यांच्या मेंदूत काय चाललंय ते स्कॅनरमध्ये पाहिलं. चेहऱ्यावरच्या भावनेसाठी शब्द निवडायला सांगितल्यावर मेंदूतल्या अमिग्डाला नावाच्या भागातली, म्हणजे धोक्याची घंटा वाजवणाऱ्या भागातली, हालचाल कमी झाली. प्रयोग मोठ्यांवरचा आहे, त्यामुळे तो जसाच्या तसा मुलांना लावू नये. पण 'तुला राग आलाय का भीती वाटतेय?' असं विचारल्यावर हमसून रडणारं मूल क्षणभर थांबतं, हे मुलं वाढवणाऱ्यांनी पाहिलेलं असतं.

चांगल्या गाण्यात हेच घडतं. 2021 च्या 'एनकँटो'तली लुईसा घ्या. कोलंबियातल्या माद्रिगाल कुटुंबात मिराबेल सोडून घरातल्या प्रत्येक पोराला एकेक जादूची देणगी मिळालीय, आणि लुईसाची देणगी अचाट ताकद. ती गाढवं खांद्यावर टाकते, पूल उचलून सरकवते, गावात कुणाचंही अवघड काम असलं तर हाक तिलाच. धाकटी बहीण मिराबेल खोदून खोदून विचारते तेव्हा लुईसा आधी काही झालं नाही म्हणते, तिचा डोळा फडफडतो, आणि मग गाणं सुरू होतं. गीतकार-संगीतकार लिन-मॅन्युएल मिरांडाने त्याला रेगेटॉनचा, म्हणजे लॅटिन अमेरिकन नाचगाण्याचा, जड ठोका दिलाय. वरवर गाणं ताकदीचं, पण त्यात ती सांगते ते असं की हे ओझं मला पेललं नाही तर माझा उपयोग काय. मधे ठोका विरतो, सगळं तरंगल्यासारखं हलकं होतं, ओझं उतरलं तर कसं वाटेल याचं स्वप्न ती क्षणभर पाहते, आणि मग ठोका परत अंगावर येतो.

गाणं संपल्यावर तिचा प्रश्न सुटत नाही, ही मला यातली सगळ्यात प्रामाणिक गोष्ट वाटते. दुसऱ्या एका माणसाला तो कळलाय, इतकंच. घरातली 'शहाणी', 'समजूतदार' म्हणून ओळखली जाणारी मुलं लुईसाच्या गाण्याला का चिकटतात ते यावरून ध्यानात येईल.

दुःखाच्या बाबतीतही हाच प्रामाणिकपणा 2019 च्या 'फ्रोझन 2'मध्ये आहे. बहीण गेली असं समजून अ‍ॅना अंधाऱ्या गुहेत एकटी पडलीय. ती गाते त्यात आशावाद नाही. आवाज तुटतो, वाक्यं अर्धवट राहतात. आत्ता उठायचं, मग पुढचं एक योग्य पाऊल टाकायचं, एवढाच विचार. 'रडू नकोस, सगळं ठीक होईल' असं कोणी म्हणत नाही, कारण तिथे कोणीच नाही. लहान मुलांच्या सिनेमात शोक इतका सरळ दाखवायला धाडस लागतं.

उदास मित्रापुढे कोणतं गाणं?

'ट्रोल्स' हे रंगीत केसांचे बुटके मूळचे डेन्मार्कचे. थॉमस डॅम नावाच्या लाकूडकारागिराच्या बाहुल्यांतून ते 1959 च्या सुमारास बाजारात आले आणि 2016 साली त्यांचा संगीतपट झाला. पॉपी ही राजकन्या दिवसभर नाचते-गाते. ब्रँच हा एकटाच राखाडी. तो गात नाही, कारण लहानपणी तो गात असतानाच त्याच्या आजीला शत्रूने उचलून नेलं. सिनेमाची सुरुवात बघताना मला पॉपीचा वैताग येतो, आणि तो यावा अशीच योजना असावी. आनंद हा तिचा एकच सूर आहे आणि ती तो सगळ्यांवर ओतते.

पुढे सगळे पकडले जातात, पॉपीचाच धीर सुटतो, आणि तिच्याबरोबर एकेक ट्रोल राखाडी होतो. आता गाण्याची पाळी ब्रँचवर येते. तो काय गातो हे बघण्यासारखं आहे. नाचाचं गाणं नाही. सिंडी लॉपरने 1986 साली गाजवलेलं 'ट्रू कलर्स' तो अगदी हळू, जवळजवळ पुटपुटल्यासारखं तिच्याकडे बघत सुरू करतो. तिला हसवायला जात नाही. तिच्या वेगाने, तिच्या आवाजाच्या पातळीवर येऊन बसतो आणि मग दोघं मिळून सूर वर नेतात. उदास मित्राजवळ कसं जायचं याचं इतकं नेमकं चित्र संवादांतून उभं करायचं तर चांगलं पानभर लिहावं लागेल.

2020 चा दुसरा भाग मैत्रीचा अवघड प्रश्न काढतो. ट्रोलांच्या सहा जमाती निघतात: पॉप, फंक, शास्त्रीय, टेक्नो, कंट्री आणि रॉक. रॉकची राणी बार्ब सगळ्यांवर आपलंच संगीत लादायला निघते, आणि पॉपी म्हणते की आपण सगळे सारखेच तर आहोत. फंकवाले तिला इतिहास ऐकवतात: पूर्वी पॉपवाल्यांनीच सगळ्यांचं संगीत आपलंसं करून टाकलं होतं. 'सगळे सारखे' हे वाक्य म्हणणाऱ्याला प्रेमळ वाटतं, ऐकणाऱ्याला तसं वाटेलच असं नाही. वर्गात नव्या आलेल्या, वेगळी भाषा बोलणाऱ्या मुलाशी 'मैत्री' करताना आपली मुलं नेमकी हीच चूक करतात, त्यामुळे बाकी सिनेमा कितीही चमचमता असला तरी हा धागा सोडू नये.

एकत्र गाणारे सगळे एकदिलाचे असतात का?

मिळून काम करणं पडद्यावर दाखवणं सोपं, ऐकवणं अवघड. सगळ्यांनी एकाच सुरात एकच ओळ म्हणायची हा सोपा मार्ग. 'एनकँटो'तल्या ब्रुनोच्या गाण्यात मिरांडाने अवघड मार्ग धरला. घरातला ब्रुनोमामा भविष्य सांगायचा, ते लोकांना झेपलं नाही, तो नाहीसा झाला आणि त्याचं नावही काढायचं नाही असं ठरलं. मिराबेल विचारते तसा एकेक जण आपली तक्रार घेऊन येतो. पेपा आणि फेलिक्सची झोकदार, लग्नातल्या भांडणासारखी. डोलोरेसची भरभर, कुजबुजत. कामिलोची भुतांच्या गोष्टीसारखी, इझाबेलाची लांब, गोड. प्रत्येकाची चाल वेगळी, पण खालचे कॉर्ड, म्हणजे साथीला एकदम वाजणारे सूर, तेच, त्याच क्रमाने. त्यामुळे शेवटी सगळे एकदम गायला लागतात तेव्हा त्या चाली एकमेकींत बसतात आणि एरवी नुसता गोंधळ झाला असता त्याचं घर होतं.

ब्रुनो त्या वेळी त्याच घराच्या भिंतींआड राहतोय आणि भिंतींना पडलेल्या भेगा बुजवतोय, हे आपल्याला नंतर कळतं. म्हणजे सिनेमातलं सगळ्यात जमून आलेलं सामूहिक गाणं हे एका माणसाला वगळण्याचं गाणं आहे. पूर्ण कुटुंब एकदिलाने, तालासुरात, एका विषयावर न बोलण्यासाठी एकत्र आलंय. घराघरांत हे चालतं. 2022 च्या सुरुवातीला हे गाणं लोकप्रिय गाण्यांच्या अमेरिकेतल्या बिलबोर्ड यादीत पाच आठवडे पहिलं होतं. प्रेमगीत नाही, कोणा एका मोठ्या गायकाचं नाही, तरीही. खरं सहकार्य सिनेमात शेवटी येतं: घर कोसळलेलं असतं, जादू संपलेली असते, आणि गावकरी न बोलावता विटा घेऊन येतात. ज्यांच्यासाठी लुईसा आयुष्यभर ओझी वाहत आली, ते आता तिच्यासोबत उचलतात.

तीच चाल, तीन माणसं

चाल परत आणणं हे संगीतपटाचं सगळ्यात जबरदस्त हत्यार, आणि 2017 च्या 'कोको'इतकं ते नेमकं वापरलेलं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. 'रिमेंबर मी' हे गाणंही लोपेझ दांपत्याचंच. पहिल्यांदा ते अर्नेस्तो दे ला क्रूझ हा प्रसिद्ध गायक म्हणतो: झगमगीत रंगमंच, नर्तकी, टाळ्या. अर्थ उघड आहे, मला विसरू नका, मी मोठा माणूस आहे. दुसऱ्यांदा ते हेक्टर म्हणतो, प्रवासाला निघण्याआधी चिमुकल्या लेकीसाठी, फक्त गिटारवर. आता कळतं की हे मूळचं बापाने लेकीला दिलेलं वचन होतं आणि अर्नेस्तोने ते चोरलं. तिसऱ्यांदा बारा वर्षांचा मिगेल ते पणजीपुढे बसून गातो. तीच ती लेक, आता सुरकुतलेली, कोणालाही न ओळखणारी मामा कोको. ती हळूहळू त्याच्याबरोबर गाऊ लागते.

सातेक वर्षांचं मूल इथे काय करतं? तेच शब्द एकाच्या तोंडी फुशारकी होते आणि दुसऱ्याच्या तोंडी माया, हे ते कोणी न समजावता ओळखतं. त्याहून लहान मुलाला एवढं धरता येत नाही. त्याला शेवटी आजी हसली आणि आई का रडतेय इतकंच दिसतं. हरकत नाही, दोनेक वर्षांनी परत बघेल.

मग मुलं यातून खरंच शिकतात का?

शिकतात, पण आपल्याला वाटतं तेच शिकतात असं नाही. आधी संगीताची बाजू. 14 महिन्यांच्या बाळांना मोठ्या माणसाने कडेवर घेऊन गाण्याच्या ठेक्यावर झुलवलं आणि समोर उभी असलेली दुसरी बाई त्याच ठेक्यावर हलत होती. नंतर तिच्या हातून वस्तू 'चुकून' पडल्या तेव्हा या बाळांनी त्या उचलून देण्याचं प्रमाण जास्त होतं. ती बाई बाळाच्या लयीशी न जुळता हलली असेल तर कमी. लॉरा सिरेली आणि सहकाऱ्यांचा हा प्रयोग 2014 चा. त्याआधी 2010 साली सेबास्टियन किर्श्नर आणि मायकेल टोमासेलो यांनी चार वर्षांच्या मुलांच्या जोड्यांवर असाच प्रयोग केला होता. गात-नाचत-वाजवत खेळलेली मुलं, तोच खेळ संगीताशिवाय खेळलेल्यांपेक्षा, जोडीदाराला मदत करायला जास्त धावली.

म्हणजे एका लयीत हलल्याने माणसं जवळ येतात, आणि हे बोलता येण्याच्या आधीपासून. पण या प्रयोगांतली मुलं स्वतः हलत होती, समोर खरं माणूस होतं. सोफ्यावर टॅब घेऊन एकट्याने बघितलेला सिनेमा हे काम करेल अशी आशा धरू नये. 2014 साली 'फ्रोझन'चे सोबत गाण्याचे खास खेळ थिएटरांत लावले गेले. तिकीटविक्रीचा डाव तो होताच, तरी थिएटरभर पोरं एकत्र ओरडून गातात ते या सिनेमांच्या स्वभावाला धरून आहे.

शिकवणीची बाजू जास्त नाजूक. मेरी-लुईस मेरेस आणि एमिली अकोस्टा यांनी 2008 साली बालवाडीच्या वयाच्या मुलांना एका कुत्र्याच्या कार्टून मालिकेतला भाग दाखवला. गोष्ट अशी: तीन पायांचा कुत्रा येतो, बाकीचे आधी घाबरतात, मग त्याला आपलंसं करतात. धडा अपंगत्वाबद्दलचा. बऱ्याच मुलांनी मात्र धडा कुत्र्यांबद्दलचाच घेतला: तीन पायांच्या कुत्र्यांशी चांगलं वागावं. हसू येतं, पण त्या वयात हेच साहजिक आहे. शिवाय गोष्टीचा बराचसा वेळ भांडणात आणि भीतीत जातो, समेट शेवटी घाईत होतो. लहान मूल जे जास्त वेळ पाहतं तेच उचलतं.

'लेट इट गो'चं नेमकं हेच झालं. गोष्टीत ते गाणं शेवट नाही, अर्धी वाट आहे. एल्सा मोकळी झालीय खरी, पण एका रिकाम्या महालात, दार लावून. बहीण बाहेर थंडीत शोधत फिरतेय आणि खाली राज्य गोठतंय. पुढे अ‍ॅना भेटायला येते तेव्हा एल्साची भीती तशीच उसळते आणि ती बहिणीलाच इजा करते. भावना कोंडून ठेवणं चूक, हे गाण्यात आहे. भावना मोकळी सोडून सगळ्यांपासून तुटणं हाही उपाय नाही, हे गाण्यात नाही, सिनेमात आहे. गाडीत नुसतं गाणं शंभरदा वाजवलं तर दुसरा अर्धा भाग गळून जातो.

इथे मोठ्या माणसाचं काम सुरू होतं. अमेरिकेत 2012 पासून 'डॅनियल टायगर्स नेबरहूड' ही लहानग्यांची मालिका चालते. तिच्यात राग आला तर काय करायचं, आई कामावर गेली तर काय आठवायचं, अशा प्रत्येक प्रसंगासाठी दोन ओळींचं गाणं असतं. एरिक रासमुसेन आणि सहकाऱ्यांनी 2016 साली तिचा परिणाम तपासला. दोन आठवडे ती पाहणाऱ्या मुलांत दुसऱ्याची भावना ओळखण्यात फरक पडला, पण तो मुख्यतः अशा घरांत जिथे टीव्हीवर काय पाहिलं याबद्दल आईवडील मुलांशी नेहमी बोलत.

बोलायचं म्हणजे परीक्षा घ्यायची नाही. 'यातून तू काय शिकलास?' या प्रश्नाला मुलं आपल्याला हवं ते उत्तर देऊन मोकळी होतात. त्यापेक्षा गाण्याबद्दलच विचारावं. एल्सा गाताना खूश दिसते, पण तिच्यासोबत कोण आहे? ब्रँचने मोठ्याने का नाही गायलं? सगळे ब्रुनोबद्दल बोलत असताना त्याला ते ऐकू येत असेल का? मूल 'माहीत नाही' म्हणालं तर विषय तिथेच सोडावा. तेच गाणं ते उद्या पुन्हा लावणारच आहे.